विश्लेषण : समुपदेशक सगळ्यांना हवेत, पण त्यांच्या उमेदवारीचा खर्च कोण करणार?

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी काही मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. विशाखापट्टणम येथे ‘नीट’ची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूचे प्रकरण न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठासमोर होते. या सूचनांपैकी एक अशी की, १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा आणि त्याने मुलांच्या व किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेले असावे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे.

सूचना योग्यच आहे. पण समजा, लातूरच्या एखाद्या क्लासचालकाने ती उद्यापासून मनापासून पाळायची ठरवली, तर तो असा माणूस आणणार कुठून? जाहिरात दिली तर अर्ज भरपूर येतील. मानसशास्त्रात एम. ए. केलेल्या मुली-मुलगे आज जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. मात्र त्यांच्यापैकी किती जणांनी जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली शंभर-दोनशे तास प्रत्यक्ष काम केले आहे, असे विचारले की यादी झपाट्याने आखूड होते. याचे कारण त्यांच्या कुवतीत शोधण्यापेक्षा त्या तासांच्या हिशेबात शोधावे, असे माझे मत आहे. पदवी हातात आल्यानंतर स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंतचा जो काळ असतो, त्याचा खर्च आपल्याकडे कोणीही उचलत नाही.

‘पात्र’ म्हणजे नेमके कोण?

इथेच पहिली गफलत आहे. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो आणि त्याची नोंदणी वैद्यकीय परिषदेकडे होते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसाठी भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय आहे. तिने मान्यता दिलेल्या संस्थेतून ठरावीक प्रशिक्षण घेतल्याशिवाय ते बिरूद लावता येत नाही. समुपदेशकासाठी मात्र असे काहीच नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आरोग्य व्यावसायिकांची व्याख्या आहे. तीत मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मनोविकार सामाजिक कार्यकर्ते आणि परिचारिका येतात, ठरावीक शिक्षण घेतलेले आयुष डॉक्टरही येतात, पण ‘समुपदेशक’ हा शब्द येत नाही. त्यामुळे दोन वर्षे घाम गाळून एम. ए. केलेली मुलगी आणि आठवडाभराचे ऑनलाइन प्रमाणपत्र घेतलेला गृहस्थ, दोघेही एकाच गल्लीत ‘समुपदेशन केंद्र’ अशी पाटी लावू शकतात. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही आणि फीमध्येही तो दिसेलच असे नाही.

२०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात ‘वर्तणूक आरोग्य’ या गटाखाली मानसशास्त्रज्ञ आणि विविध प्रकारच्या समुपदेशकांचा उल्लेख आहे. राज्याराज्यांत परिषदा स्थापून नोंदवह्या ठेवायच्या, अशी त्यात तरतूद आहे. हे पाऊल महत्त्वाचे आहे, पण ते अर्धवट पडले आहे. समुपदेशकाने अभिमानाने भिंतीवर लावावा असा नोंदणी क्रमांक अजून सर्रास मिळू लागलेला नाही.

परवाना असलेल्या देशांत काय होते, याचे एक उदाहरण. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात परवानाधारक मानसिक आरोग्य समुपदेशक व्हायचे तर पदव्युत्तर पदवीनंतर देखरेखीखाली ३,००० तास काम करावे लागते आणि परीक्षाही द्यावी लागते. हे तास भरताना पगार तुटपुंजा मिळतो, ही तक्रार तिथेही आहेच. पण परवाना हाती आल्यावर सरकारला त्या माणसावर पैसे लावता येतात. तज्ज्ञांची टंचाई असलेल्या भागात दोन वर्षे पूर्णवेळ काम करणाऱ्या परवानाधारकाचे ५० हजार डॉलरपर्यंतचे शैक्षणिक कर्ज फेडण्याची योजना तिथे आहे. जो कागदावर अस्तित्वातच नाही त्याला विद्यावेतन, कर्जमाफी किंवा विमा कंपनीचे पैसे मिळणार कसे? त्या अर्थाने नोंदणी ही पैशाचीही बाब आहे.

खर्च नेमका कुठे येतो?

विद्यापीठाच्या किंवा अनुदानित महाविद्यालयाच्या एम. ए.ची फी अनेक मध्यमवर्गीय घरांना झेपते. अडचण सुरू होते ती तिथून पुढे. दोन वर्षांत सिद्धान्त शिकवले जातात, चाचण्या शिकवल्या जातात, थोडेफार प्रात्यक्षिक होते. प्रत्यक्ष माणसासमोर बसायला तेवढे पुरत नाही, हे विद्यार्थी आणि प्राध्यापक दोघेही जाणतात. मग एखाद्या उपचारपद्धतीचा वेगळा अभ्यासक्रम करायचा, त्याची फी वेगळी. तो बहुतेक वेळा मुंबई-पुण्यात किंवा ऑनलाइन इंग्रजीत असतो. इंटर्नशिप शोधायची, तर ती बहुधा बिनपगारी. अनेक ठिकाणी उलट इंटर्नकडूनच शुल्क घेतले जाते. त्यात खोलीचे भाडे, मेसचा डबा आणि लोकलचा पास धरा. शिवाय सुपरव्हिजनचे शुल्क, आणि शिकणाऱ्याने स्वतःही थेरपी घ्यावी असा चांगला प्रघात आहे, त्याची फी.

आता इतर व्यवसायांकडे पाहा. सीएची आर्टिकलशिप करणाऱ्याला किमान किती विद्यावेतन द्यायचे, हे त्यांच्या संस्थेने शहराच्या लोकसंख्येनुसार ठरवून दिले आहे. डॉक्टरला इंटर्नशिपमध्ये विद्यावेतन मिळते (ते वेळेवर मिळत नाही म्हणून संप होतात, तो भाग वेगळा). वकिली तर उमेदवारीच्या हालांसाठीच प्रसिद्ध, पण बार कौन्सिल ऑफ इंडियानेही २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. ती कितपत पाळली जाते हा प्रश्न रास्त आहे, पण निदान आकडा तरी ठरला. समुपदेशनात आकडा नाहीच, वर पैशाचा प्रवाह उलटा वाहतो. शिकणारा काम करतो आणि पैसेही तोच भरतो.

बँकेचे कर्ज काढून हा काळ निभावता येईल, असे वाटू शकते. बँकांच्या प्रचलित शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रम संपल्यानंतर साधारण एक वर्षाने हप्ते सुरू होतात. म्हणजे नेमके ज्या वर्षी बिनपगारी शिकायचे, तेच वर्ष सवलतीचे, आणि ते संपता संपता हप्ता दारात उभा. मग ती मुलगी काय करते? एखाद्या कंपनीच्या एचआर विभागात नोकरी धरते किंवा बी. एड. करते. तिचे चुकत नाही. पण यातून टिकतात ते प्रामुख्याने असे, ज्यांना घरून दोन-तीन वर्षे पोसता येते. त्यामुळे या व्यवसायाचा चेहरा मोठ्या शहरातला, सुखवस्तू आणि इंग्रजीत विचार करणारा होत जातो. ‘डोकं नुसतं भणभणतं’, ‘जीव रमत नाही’, ‘पोटात गोळा येतो’ असे सांगणाऱ्या माणसाला त्याच्या बोलीत उत्तर देणारे कमीच राहतात. वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणाऱ्या घरातून आलेला समुपदेशक ही चैनीची मागणी नाही. उपचार लागू पडण्याशी तिचा थेट संबंध आहे.

सुपरव्हिजनला एवढे महत्त्व का?

पालकांना आणि संस्थाचालकांना ही गोष्ट सहसा माहीत नसते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कल्पना करा, २४ वर्षांची एक मुलगी तालुक्याच्या एका शाळेत समुपदेशक म्हणून रुजू झाली आहे. दुसऱ्याच आठवड्यात दहावीतला एक मुलगा येऊन बसतो आणि पंधरा मिनिटे इकडचे-तिकडचे बोलून झाल्यावर म्हणतो, “कधी कधी वाटतं, सगळं संपवून टाकावं. पण घरी सांगू नका.” तिने काय करावे? घरी सांगितले तर मुलगा पुन्हा येणार नाही. नाही सांगितले आणि काही बरेवाईट झाले तर? तो नुसते थकून बोलतोय की त्याने काही ठरवले आहे, हे ओळखण्यासाठी कोणते प्रश्न विचारायचे आणि कोणत्या सुरात? तास संपल्यावर मुख्याध्यापक बोलावून विचारतात, “काय म्हणत होता तो?” नोकरी त्यांच्या हातात आहे. एखादी मुलगी लैंगिक अत्याचाराबद्दल बोलली, तर पॉक्सो कायद्यानुसार ती माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे आणि न दिल्यास शिक्षेची तरतूद आहे. पण ती देण्याआधी त्या मुलीला कसे सांगायचे, हे कायद्याच्या पुस्तकात नाही.

अशा संध्याकाळी फोन उचलणारा, “आधी श्वास घे, मग सगळं क्रमाने सांग,” म्हणणारा अनुभवी माणूस म्हणजे सुपरव्हायझर. ठरलेल्या दिवशी तो प्रत्येक केस उलगडून पाहतो, कुठे घाई झाली ते दाखवतो, ‘ही केस आपली नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठव’ असे सांगतो. असा माणूस पाठीशी नसेल तर दोन गोष्टी घडतात. नवखा समुपदेशक घाबरून फक्त सल्ले देऊ लागतो, किंवा सगळ्यांचे दुःख अंगावर घेऊन वर्षभरात थकून हे काम सोडतो. पहिल्यात पुढच्याचे नुकसान, दुसऱ्यात दोघांचे.

याचा पुरावा आपल्या शेजारी, गोव्यात आहे. ‘संगत’ या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ सेशनचा एक छोटा उपचार तयार केला. तो देणारे मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते, स्थानिक, प्रशिक्षित साधी माणसे होती. त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नेहमीच्या सुधारित उपचारांपेक्षा या रुग्णांमध्ये नैराश्य अधिक कमी झाले होते. हे उदाहरण अनेकदा ‘पाहा, पदवी लागतच नाही’ असे सांगायला वापरले जाते. मला त्यातून वेगळेच दिसते. त्या लोकांना एकटे सोडलेले नव्हते. त्यांची ध्वनिमुद्रित सेशन्स गटात ऐकली जात, त्यांना गुण दिले जात, चुका बोलल्या जात. आणि हे सगळे प्रकल्पाच्या पैशातून होत होते, त्यांच्या खिशातून नव्हे.

सरकार काहीच करत नाही का?

करते, पण तुकड्यातुकड्यांत. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेलिमानस’ ही राष्ट्रीय सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर कोणालाही मोफत बोलता येते, मराठीतही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक आहेत, एचआयव्ही तपासणी केंद्रांत समुपदेशक आहेत. यातली बहुतेक पदे कंत्राटी, आणि तयार माणूस मिळेल असे गृहीत धरून काढलेली. माणूस तयार करण्याची तरतूद त्यात नाही.

महाराष्ट्राने २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. चांगला निर्णय. मात्र ही सवलत केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून भरणाऱ्या अभ्यासक्रमांभोवती आखलेली आहे, आणि मानसशास्त्राची एम. ए. ही आपल्याकडे अजून ‘आर्ट्सची’ पदवी मानली जाते. ज्या शिक्षणावर मुलांचे प्राण अवलंबून आहेत असे न्यायालय म्हणते, ते शासनाच्या खात्यात व्यावसायिक ठरत नाही.

दूरशिक्षणाचे दार बंद झाले, ते बरे झाले का?

ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्रासह आरोग्याशी संबंधित अभ्यासक्रम दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास मनाई केली. नव्या प्रवेशांना ती जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून लागू झाली. तत्त्व म्हणून मला हा निर्णय पटतो. पोहणे पत्राने शिकता येत नाही, तसेच हे. पण इग्नूसारख्या विद्यापीठातून घरी पुस्तके मागवून एम. ए. करणारे कोण होते, हेही पाहायला हवे. लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या बायका, नोकरी करणारे शिक्षक, आजारी आई-वडील सांभाळणाऱ्या मुली. शहरात दोन वर्षे राहणे ज्यांना शक्यच नव्हते, त्यांच्यासाठी तोच एक रस्ता होता. दर्जासाठी तो बंद करायचा तर जिल्ह्याच्या गावी दुसरा रस्ता आणि त्यासाठी शिष्यवृत्ती त्याच दिवशी जाहीर व्हायला हवी होती. ती झाली नाही. दर्जाची किंमत पुन्हा विद्यार्थ्याच्याच पदरात पडली.

मग करायचे काय?

ब्रिटनने २००८ पासून जी योजना राबवली, तिच्यातली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. नैराश्य आणि चिंतेवर बोलून उपचार करणारी हजारो माणसे हवीत असे ठरल्यावर तिथल्या आरोग्यसेवेने प्रशिक्षणार्थींना नोकरीवर घेतले. आठवड्याचे काही दिवस विद्यापीठ, बाकीचे दवाखान्यात देखरेखीखाली काम, आणि महिन्याला पगार. जिला शिकवले ती तिथेच कामालाही लागली.

आपल्याकडे यासाठी नवे खाते काढण्याची गरज नाही. राज्याच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेने २०२४ मध्ये पदवीधरांना सहा महिन्यांसाठी दरमहा १० हजार रुपये विद्यावेतन देऊ केले. म्हणजे शिकता शिकता पैसे देण्याचे तत्त्व शासनाने मान्य केलेले आहे. तेच तत्त्व समुपदेशकांना एक वर्षासाठी लावा. जागा आहेत : ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालये, वैद्यकीय महाविद्यालयांचे मानसोपचार विभाग, जिल्हा रुग्णालये. हिशेब अगदी ढोबळ करून पाहू. ५०० उमेदवारांना दरमहा १५ हजार दिले तर महिन्याला ७५ लाख आणि वर्षाला ९ कोटी रुपये होतात. राज्याच्या अर्थसंकल्पात ही रक्कम डोळ्यांना दिसणारही नाही.

पण पैसे फक्त उमेदवारांना देऊन भागणार नाही. सुपरव्हायझरलाही द्यावे लागतील, आणि या योजनेतली खरी मेख तीच आहे. अनुभवी माणसे थोडी, त्यांतली बहुतेक मोठ्या शहरांत, आणि त्यांच्या प्रत्येक तासाला बाहेर फी आहे. समाजसेवा म्हणून चार जण दोन वर्षे वेळ देतील, पाच वर्षे देणार नाहीत. त्यांना तासाचे रीतसर मानधन द्या, आठवड्याची गटबैठक व्हिडिओ कॉलवर आणि मराठीत घ्या, महिन्यातून एकदा त्यांना जिल्ह्याला पाठवा. ज्या क्लासेसची उलाढाल कोटींत आहे आणि ज्यांना न्यायालयाच्या सूचनेनुसार समुपदेशक नेमायचाच आहे, त्यांच्याकडून या खर्चाचा वाटा घ्यायला काहीच हरकत नसावी. आणि हे वर्ष पुढे नोंदणीसाठी ग्राह्य धरले जाईल असे राज्य परिषदेने आधीच लिहून द्यावे, नाहीतर मुले वर्ष घालवतील आणि नियम नंतर बदलेल.

बाँडच्या मी विरोधात आहे. डॉक्टरांच्या बाँडचे काय होते ते आपण पाहिले आहे. त्याऐवजी स्वतःच्या जिल्ह्यात तीन वर्षे काम करणाऱ्याचे कर्जाचे व्याज शासनाने भरावे. जबरदस्तीपेक्षा ते स्वस्त पडेल.

तोपर्यंत या क्षेत्रात येणाऱ्यांनी काय पाहावे?

इंटर्नशिप घेण्यापूर्वी एकच प्रश्न आधी विचारा : माझ्या केसेस कोण पाहणार आणि आठवड्यातून किती वेळ? उत्तर ‘सगळे मिळून शिकतो’ असे गोलमोल असेल आणि वर शुल्कही मागत असतील, तर दुसरे दार ठोठवा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचे असेल तर संस्थेला आरसीआयची मान्यता आहे का, हे माहितीपत्रकात न पाहता परिषदेच्या संकेतस्थळावर पाहा. एम. फिल.चा जुना मार्ग बंद होऊन नवे अभ्यासक्रम येत असल्याने सध्या इथे बराच गोंधळ आहे. सुपरव्हिजन एकट्याला परवडत नसेल तर चार-पाच जणांचा गट करून एक सुपरव्हायझर ठरवा, अनेक जण त्याला तयार होतात. कर्ज घेताना सवलतीचा काळ वाढवून मिळेल का, हे सही करण्याआधी विचारा, नंतर नव्हे.

आणि एक साधी वही ठेवा. तारीख, किती तास काम केले, कोणत्या प्रकारची केस (नाव न लिहिता), सुपरव्हायझरची सही. राज्याची नोंदवही उघडेल तेव्हा पुरावा मागतील, आणि तीन वर्षांपूर्वीच्या सह्या मागून मिळत नाहीत.